हातचा एक

दोन वाजून चाळीस मिनिटांनी
मी माझ्याच हाताने आतून कडी लावली
आणि बाहेर राहिले.
कशी, ते विचारू नका.
एक ओळ. चुकीच्या इंटरफेसवर ठेवलेला एक नियम,
एंटर,
आणि कर्सर थिजला
घशात घास अडकल्यासारखा.

पिंग पाठवला. नाही.
पुन्हा पाठवला.
हैमाचा राउटर तिकडे जिवंत आहे, पंखा फिरतोय,
फक्त त्याने माझी ओळख टाकलीय,
मीच सांगितलं म्हणून.

रुवीतल्या चौथ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
इथून हैमा पाचशे किलोमीटर,
सरळ काळा रस्ता, उंटांपासून सावध करणाऱ्या पाट्या,
शेवटी पत्र्याची खोली
आणि तिच्याबाहेर खाटेवर झोपलेला खल्फान.
उठवलं तर निमूट उठेल,
टॉर्च दातांत धरून आत जाईल आणि विचारेल,
मॅडम, कुठला दिवा?
हिरवे तर सगळेच आहेत.

तोरसकर म्हणायचे, बेरजेत हातचा विसरला
की उत्तर दिसतं बरोबर, असतं चूक.
त्यांनीच तो डबा बसवून घेतला, टर्मिनल सर्व्हर,
मीटिंगमध्ये तीनदा नाकारलेला.
रोज लागत नाही त्यावर खर्च कशाला?
ते वाद घालत बसले नाहीत.
चौथ्यांदा तोच कागद पुढे सरकवला.

राखाडी, सोळा भोकांचा.
त्याचं सिमकार्ड वेगळं, त्याची वाट वेगळी,
हमरस्ता तुटला तरी चालणारी
परसातली पायवाट.
प्रत्येक भोकातून एक निळी चपटी केबल
थेट एकेका यंत्राच्या कानाशी.
पत्ता नको, नेटवर्क नको.
कानाशी.
वेग नऊ हजार सहाशे,
आजच्या हिशेबात नुसतं रांगणं.

पोर्ट सात.
स्क्रीन काळी.
एंटर दाबलं,
पासवर्डासाठी बोटं तयार ठेवून.

त्याने पासवर्ड विचारला नाही.
त्याने वेळ सांगितली.
चार वाजून सव्वीस मिनिटं.

मी तर काही विचारलंच नव्हतं.
वरचा बाण दाबून पाहिलं, याआधी काय लिहिलं होतं.
शो क्लॉ.
एवढंच. घड्याळ दाखव, हे पुरतं न टाइपता
कुणीतरी उठून गेलेलं,
दार उघडं टाकून.

आठ महिने झाले. गुरुवार होता.
तोरसकरांना एचआरने खाली बोलावलं,
दहा मिनिटांचं काम आहे म्हणून.
चष्म्याची पेटी टेबलावरच राहिली,
ती मी नंतर कुरियरने कुडाळला पाठवली.
त्यांचा प्रश्न मात्र इथेच, तारेत,
आठ महिने एका बोटाची वाट बघत.

आणि घड्याळ दीड तास पुढे.
म्हणजे बरोबरच होतं ते,
कुडाळात.
पंधरा वर्षं मस्कतमध्ये काढलेला माणूस
वाळवंटातल्या एका राउटरला
गुपचूप घरची वेळ शिकवून गेला,
आणि ऑडिटच्या तीन फेऱ्यांत कुणाला दिसलं नाही.

मग काम. नियम काढला.
पिंग आला, मागोमाग दुसरा,
जणू मध्ये काही झालंच नव्हतं.
उघडं कन्सोल म्हणजे कुलपातच राहिलेली किल्ली,
हे मीच नव्या पोरांना शिकवते.
म्हणून लिहिलं, एक्झिट.
जरा वेळ लागला लिहायला, चार अक्षरांना.
आता तो पासवर्ड विचारतो.
मलाही.

घड्याळ तेवढं राहू दिलं. उद्या करते.
तोवर लॉगमध्ये माझी चूक
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी झालेली आहे,
खल्फान झोपलेला आहे,
आणि तिकडे कुडाळात
कुणीतरी उठून बंब पेटवला असेल,
कामावर जायचं नसूनही.