तिसरा डोस

बेलापूरला, रात्री सव्वादोनला मुलगी झाली.
दोन किलो सातशे.
आई अजून थरथरत होती,
मी लसीची कुपी काढली. डावी मांडी, अर्धा मिली.
वेळ लिहिली : दोन पन्नास.
चोवीस तासांची मुभा असते,
मला उजाडूही द्यायचं नव्हतं.

या कामात माझा हात कुणी धरणार नाही.
शून्य, एक, सहा,
भिंतीवरचा तक्ता मला पाढ्यासारखा येतो.

पहाटे मथुरा कोळी पिशव्या बांधायला आली
आणि लाल पिशवीतून
जिथं नसायला हवी तिथली सुई
तिच्या अंगठ्यात गेली.
"शिंगाल्याचा काटा याच्यापेक्षा वाईट, सिस्टर,"
म्हणत ती अंगठा तोंडात घालणार
तेवढ्यात मी ओढत नेली नळाखाली.
साबण. पाणी. दाबायचं नाही, वाहू द्यायचं.

रात्रपाळीला मी एकटीच होते.
सुई कापायचं यंत्र दोन दिवस अडकत होतं.
हे मी फॉर्मवर लिहिलं.
आधी खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

पुढचा रकाना : लसीकरण पूर्ण? हो / नाही.
रजिस्टरमध्ये मथुरा नव्हतीच.
"ती ठेकेदाराची," क्लार्क म्हणाला,
जणू कावीळ हजेरीपट पाहून येते.
डॉक्टर पेडामकरांनी सहज विचारलं, "आणि तुमचं?"
मी पर्समधलं कार्ड काढलं.
सांगलीला दोन डोस, मग बदली, मग लग्न,
तिसऱ्या चौकोनात अकरा वर्षं काहीच नाही.
फ्रीजची किल्ली सगळा वेळ माझ्याच कमरेला.
"तुमचं, सर?"
ते हसले. मग हसायचे थांबले.

तक्त्याच्या तळाशी एक बारीक ओळ आहे :
खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात नको,
राहिलेला घ्यावा.
इतकं माफ करणारा कागद
सरकारी दवाखान्यात दुसरा नसेल.

रक्त तपासायला गेलं. मागणीपत्र गेलं.
दुपारी मोठ्यांच्या कुप्या आल्या.
बाकावर आम्ही दोघी, बाही वर करून.
शिकाऊ पोरीचा हात कापत होता,
मी मुद्दाम खिडकीकडे पाहिलं.

मग रजिस्टरच्या छापील शेवटच्या ओळीखाली
पट्टी ठेवून एक ओळ आखली.
मथुरा कोळी. डोस पहिला.
"दुसरा महिन्यानं," मी म्हटलं.
"म्हंजे नारली पुनवेच्या आसपास."
"आणि तिसरा सहाव्या महिन्याला."
तिनं बोटांवर मोजलं, दोनदा.
"तवा ठेका दुसऱ्याचा असंल, सिस्टर."

शाई अजून ओली होती.
मी वही मिटली नाही.