शून्याची उंची

मे महिना. कूलरच्या वाळ्याला ओल धरवत नाही.
धंतोलीत तिसऱ्या मजल्यावर बसून
मी विहिरी उभ्या करतेय.
छोटंसं फंक्शन आहे: रेखांश दे, अक्षांश दे,
पाणी किती खोल ते दे,
तेवढी निळी पट्टी नकाशावर काढून देतं.
खोल गेलेलं वर चढतं.
ह्या उलटेपणाची सवय झाली की काम जमतं.

आधी पट्ट्या कलल्या.
मी उंची अक्षांशात मिळवली होती
आणि मग सगळंच प्रक्षेपणात घातलं.
गोल पृथ्वी कागदावर पसरताना
प्रत्येक गावाची उत्तर वेगळी निघते.
मध्य रेखावृत्त आमचंच, एकोणऐंशी पूर्व,
म्हणून नागपूरची पट्टी ताठ
आणि नंदुरबार, सांगली, पार रत्नागिरीसुद्धा
किंचित आमच्याकडे झुकलेली,
अधिवेशनात अर्ज घेऊन आल्यासारखी.

बोरकुटे सर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"आधी पाय टेकव, मग उभी राहा."
म्हणजे पायथा अगोदर कागदावर आण,
उंची नंतर, कागदाच्याच मापाने.
दोन ओळींची अदलाबदल.
जिल्हे सरळ झाले. कोणी कोणाकडे बघेना.
मला ते उगीचच लागलं.

मग चिखलपाट.
टिंब आहे, नाव आहे, पट्टी नाही.
शून्य मीटर. म्हणजे पाणी काठाला,
वाकून ओंजळ भरावी इतकं वर,
ह्या उन्हात?

शालिक कुमरेंना फोन लावला, तेच मोजतात तिथल्या विहिरी.
"कोरडी हाय ना म्याडम.
टेप सोडली त खाली गोट्यावर खणकन वाजली.
पाणीच नाई, आकडा कायचा लिवू?
रकाना मोकळा सोडला."

मोकळा रकाना माझ्या फंक्शनने शून्य धरला.
तुडुंब विहीर आणि आटलेली विहीर
एकाच टिंबात बसवल्या,
चुकीचा एक शब्दही छापला नाही.

संध्याकाळी घरी जाताना
झिरो माइलशी खोळंबले.
रोजचाच खांब, रोजचेच घोडे.
किंमत शून्य, तरी उभा आहे की हा,
सावलीसकट.
मागून ऑटोवाला ओरडला,
"काऊन बाप्पा, झोपली काय?"

रात्री एक अट वाढवली:
रकाना मोकळा असेल तर
पट्टी पोकळ काढ, आत रंग नको,
उंची...
इथे कर्सर लुकलुकत राहिला.
तळ किती खोल, कुठल्याच फाइलीत नव्हतं.

पुन्हा फोन. साडेदहा वाजले होते, तरी उचलला.
टेप वाजली तेव्हा किती होती, शालिकराव?

"साडेअकरा मीटर," लगेच म्हणाले.
"त्याले रकानाच नवता ना."