विजार

बस तिथे, मेंढीच्या कातड्यावर.
बूट बाहेर. काटे लावलेले असतील तर पायरीच्याही खाली,
मागच्या जूनमध्ये एकानं माझी फरशी सोलून काढली.

दाखव. हं.
हे खडकानं नाही फाटलेलं.
तुझ्याच बुटाचा काटा, डाव्या पोटरीला.
उतरताना, दमल्यावर.
चढताना कुणी स्वतःला ओरबाडत नाही.

काय लिहिलंय या चिठ्ठीवर? वाच.
तीस बाटल्यांपासून बनवलेली.
बरं.
माझा रोसुलो तळावरच्या ओढ्यातून
एका दिवसात पोतंभर बाटल्या आणतो,
त्याला अजून कुणी विजार दिली नाही.
हसू नकोस, सुई हलते.

आणि तक्रार काय, तर भिजते?
दोन तासांत पाणी आत?
मग विष काढून टाकलं असणार त्यांनी.
जुन्या कपड्यांवरून थेंब कसे घरंगळायचे,
अळवाचं पान जसं.
पण तो लेप झिजून कुठं जायचा? हिमात.
आणि हिम कुठं जातं, येरनेय?
वाराझमध्ये ते सगळं खाली येतं,
माझ्या बटाट्याच्या रश्शापर्यंत.
तर भीज थोडा.
मेंढीसुद्धा भिजते,
अंग झटकते, आणि पुन्हा चरायला लागते.

आतून अल्पाकाचं घाल. हे बघ, माझ्या बहिणीनं कातलेलं.
टोचेल पहिले दोन दिवस.
फार धुऊ नकोस.
वास आला तर येऊ दे,
डोंगराला नाक नसतं.

थांब.
उलटी कर. दिव्याकडे धर.
हा गुडघ्याच्या आतला टाका...
हिरवा दोरा, चिल्काच्या पाल्यात रंगवलेला,
तीन पुढं, एक मागं.
असं शिवणारी इथं आई होती आणि मी आहे,
आणि आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

कुठून घेतलीस ही?
ल्युब्लियानाच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून.
नऊ युरोला.
अरे, ही तेओफिलोची!
माझ्या भावाची. कुणा गोऱ्यानं बक्षीस दिली होती,
कंबर मीच दोन बोटं आत घेतली,
बघ, खुणा आहेत अजून.
चार मोसम त्यानं लोकांचे दोर आणि तंबू
या विजारीत वर नेले.

नाही, नाही, तोंड पाडू नकोस.
जिवंत आहे तो. लिमात बस चालवतो.
एका सकाळी वरून आला आणि म्हणाला,
फिदेन्सिया, बर्फ आता आतून पोकळ वाजतं.
विजार त्याच आठवड्यात विकली,
कुणाला, ते मी विचारलं नाही.
आम्ही लहान होतो तेव्हा
बर्फ तळ्यात पाय सोडून बसलेलं असायचं.
आता तळ्यापासून दीड तास चालायचं,
नुसत्या दगडांतून,
मग कुठं त्याची मळकी कड हाताला लागते.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं लावणार, म्हणतात.
खरं असेल.
मी विजारीपुरतं बोलते.

तर ती समुद्रापार गेली,
कुणाकुणाच्या पायांत फिरली,
आणि नऊ युरोला परत माझ्याच मांडीवर आली.
कापड दमलेलं नाही. इथं ताण, बघ, ताण की जोरात.
माणसंच लवकर कंटाळतात, रंगाला.

ठिगळ कोणतं लावू?
काळं आहे, तंबूच्या फाटक्या पल्ल्याचं.
आणि हे पिवळं, एका झोपायच्या पिशवीचं.
पिवळं लावते.
तेओफिलोला आवडायचं नाही, पण
तो इथं नाही.

बारा सोल.
त्याची विजार आहे म्हणून दहा.
नको, बाराच दे, दोऱ्याचे भाव वाढलेत.

घाल आणि पाच पावलं चालून दाखव.
अरे, असं नाही.
उतरताना पाय फाकवून,
पोट सुटलेल्या पाद्र्यासारखं.
हां.
तसं.