छातीपर्यंत

आमच्या संघटनेत आता सात जण.
लेटरहेडवर अजून एकवीस नावं आहेत,
छापखान्यानं हजार प्रती एकदमच काढल्या होत्या.
मी खजिनदार. फौजेत मी राशन मोजलं:
डाळ, तांदूळ, रॉकेल, खेचरांचा चणा.
गोळी ऐकली ती सरावातली.

दर डिसेंबरला गोठिवलीच्या नाक्यावर जमतो.
लान्स नाईक जोमा चांगा मढवी.
काळा दगड, पितळी पाटी, पाटीवर तारीख.
सुभेदार वायंगणकर पाटीला ब्रासो लावतात,
बाकीचे उन्हाच्या बाजूला उभे राहून
गुडघ्यांबद्दल बोलतात.

पाटी म्हणते: अतुल शौर्य.
महापालिकेचा साहेब दरवर्षी तेवढं वाचतो
आणि गाडीकडे पाहतो.

त्या रात्री तिथं होते ते फक्त आमचे सिग्नलवाले गायधनी.
वय ब्याऐंशी. एक कान नदीपलीकडेच राहिला.
ते सांगतात, तेही चहा झाल्यावर:

ओहोटी होती. पाणी गेलं, चिखल उरला,
मांडीएवढा, आणि पलीकडे मशीनगन.
पहिले दोघे उभ्यानं निघाले. रुतले.
कॅप्टनसाहेब नकाशा बघत होते,
नकाशात चिखल नसतो.
जोमा म्हणाला, साहेब, बूट काढा.
खाडीत पोर निवट्या धरायला जातं तसा
पालथा पडला, पेटीची फळी छातीखाली,
आणि पायांनी, नुसत्या पायांनी,
बोटं फाकवून, टाच न टेकवता,
निघाला. सरपटणं नव्हे ते, पोहणंही नव्हे,
आमच्याकडे त्याला शब्द नव्हता. त्याच्याकडे असणार.
आम्ही अकरा जण त्याच्या मागून गेलो.
रुतलेल्या दोघांसाठी तो परत फिरला
तेव्हा भरती लागली होती
आणि उजाडत होतं.

एवढंच. मग ते बहिरा कान खाजवतात.

यंदा त्याची बहीण आली. आंबीबाई, दिवाळ्याहून,
नातवाला घेऊन, रिक्षानं.
आमची पत्रिका इतकी वर्षं जुन्या पत्त्यावर जात होती,
त्या पत्त्यावर आता कंपनीचं पार्किंग आहे.
पुतळ्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली.
"मिशी नव्हती त्याला," म्हणाली.
मग मागून जाऊन आली,
चौथऱ्याच्या खालपर्यंत वाकून पाहिलं.
"याचं पाय कुठं हान?"

कुणी बोललं नाही.
शेवटी वायंगणकर म्हणाले,
बजेट छातीपर्यंतच होतं, ताई.
खोटं नाही. वही माझ्याकडे आहे.
पूर्ण पुतळ्याचा भाव ऐकून
आम्ही पंधरा दिवस पुन्हा मीटिंग घेतली नव्हती.

तिनं स्टीलचा डबा उघडला.
निवट्या, हळद-मीठ लावून तळलेल्या.
"दादूसला आवरायच्या."
उभ्यानंच खाल्ल्या आम्ही, बोटं चाटत.
गायधन्यांनी आयुष्यात मासा खाल्लेला नाही.
त्यांनी एक उचलली,
हळूहळू संपवली,
काटा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

घरी येऊन वही काढली.
हार एक. ब्रासो डबी एक. चहा नऊ.
रिक्षाभाडं: बाईंनी घेतलं नाही.
निवट्या कुठल्या खात्यात मांडाव्यात
ते ठरेना, पेन तसंच राहिलं हातात.

निघताना मागं वळून पाहिलं होतं एकदा:
सिग्नल सुटला होता,
कंपनीतली पोरं झेब्राच्या पट्ट्यांवरून
बूट वाजवत चालली होती,
जिथं पूर्वी खाडी आत यायची, तिथून.