अकरावं पान

वाळपईच्या आमच्या हायस्कुलात
वाचनालय म्हणजे प्रयोगशाळेची अर्धी खोली.
पार्टिशनपलीकडून अजून अमोनियाचा वास येतो,
मुलं शब्दकोश उघडता उघडता नाक दाबतात.
आठ कपाटं. त्यांतलं एक उघडत नाही.
एक संगणक, आणि गेल्या जूनपासून
त्याच्या आत, म्हणतात, चार कोटी पानं.

त्या चार कोटींची किल्ली माझ्याकडे.
किल्ली म्हणजे एक शब्द,
खडूच्या डब्याच्या तळाशी चिकटवलेला.
सोबत आलेला करार मी दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा सावळ सरांनी वाचायला लावला:
एका विद्यार्थ्याला एका लेखाची दहा पानं.
साठवायचं नाही. पुढे पाठवायचं नाही.
भंग झाल्यास जबाबदार ग्रंथपाल.
म्हणजे हर्षा गावस, बी. लिब., कंत्राटी.

डिसेंबरात नववीतली प्रचिती झर्मेकर आली.
प्रकल्पाचा विषय धालो.
तीनदा चुकीचं टाइप केलं, चौथ्यांदा लेख सापडला,
पंचवीस पानं, सगळं इंग्रजी,
मधे मधे देवनागरीची बेटं.
बेटांवरून ती ओठ हलवत चालली
आणि थांबली.
'मॅडम, हे आमच्या मालूमावशीचं.'
मावशीचं म्हणजे?
'असं तीच म्हणते. मधला एक शब्द गिळते.
बघा ना, इथे टिंबं दिलीत.'

पानाच्या पायथ्याशी एक साल, एका संस्थेचं नाव,
सर्व हक्क राखीव,
आणि वर्तुळातला तो सी,
खुंट्याभोवती फिरून फिरून
दावं गुंडाळून बसलेल्या वासरासारखा.

मग तिने सांगितलं, आईकडून ऐकलेलं.
तिच्या जन्माआधी, वैशाखात, कुणी संशोधक आले.
मावशी म्हणाली, धालो मांडावर.
पौषात. बायकांत. मांड सारवून, दिवा लावून.
पडवीत नाही, उन्हाळ्यात नाही, यंत्रापुढे तर नाहीच.
माणूस सज्जन. चार दिवस राहिला,
सोलं वाळत घालू लागला, हात लाल करून घेतले.
पाचव्या दिवशी मावशी गायली.
त्या रात्री एकटीच मांडावर जाऊन
नारळ ठेवून आली, चूक पदरात घे म्हणून.

हा करार लेखात कुठेच नव्हता.
मी पंचवीसही पानं पाहिली.

दहा पानं छापली. आमचा प्रिंटर दर पानाला खोकतो.
अकराव्याला मी हात धरला,
माझाच.
अकराव्यावर तळटीप होती:
निवेदक स्त्री, वय सुमारे साठ, निरक्षर.
'साठ?' प्रचिती म्हणाली.
'तेव्हा एकोणचाळिसाची होती ती! आणि सही करते.
सोसायटीत दूध घालते, रोज सही करते.'
नाव काही नव्हतं.

तिने वही काढली.
करारात हाताचा उल्लेख आहे का, मी शोधला.
प्रत, छायाप्रत, साठवण, प्रसारण.
पेन्सिल नव्हती.
बाहेर कदंबाची साडेचारची बस भोंगा देऊन गेली,
तिची बस, पुढची सहाला.
ती अक्षर अक्षर उतरवत राहिली,
तळटीपसुद्धा, साठ सुद्धा,
आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात:
मालिनी झर्मेकर, सही करते.

टिंबांपाशी आली तेव्हा मी मुद्दाम
नोंदवहीत डोकं घातलं. पानं दहा, लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
तिला शब्द माहीत होता. उघड होतं,
ओठ मिटून हलले.
मग तिने टिंबंच काढली, मोजून, पाच.

'काय गं आहे तिथे?' मी विचारलंच.
वही मिटली, दप्तर खांद्याला लावलं.
'पौषात या,' म्हणाली.
'सर नकोत. तुम्ही या.'