पाच रेघा

ग्वायाकिलच्या या इस्पितळात तळघराला खिडकी नाही.
नदी कुठल्या अंगाला आहे
ते मला भिंतीच्या ओलीवरून कळतं.

वरून खोकी येतात. प्रत्येक मास्कला कागदी पाकीट,
पाकिटावर नाव, मास्कच्या कडेला शाईच्या रेघा.
एकदा वाफवला की एक रेघ.
पाचवीनंतर कात्री.
नियम माझा नाही. कात्री माझी.

ओठांचा रंग लागलेला घेता येत नाही,
रंगाखाली वाफ पोचत नाही म्हणतात.
हासिंता यागुआलचे दोन मी फेकले.
तिसरा आला स्वच्छ,
सोबत चिठ्ठी: झालं समाधान?

तारेवर टांगते. दार लावते. पेरॉक्साइड सोडते.
मग तासन्‌तास नुसतं बसणं.
काचेतून दिसतात, वाळत घातलेल्या मासळीसारखे,
प्रत्येकाची नाकपट्टी वेगळी दुमडलेली.
ती मी कधी सरळ करत नाही.
जंतू मरतात आत,
नाकाची मोड तशीच राहते.

माझ्या तोंडावर बहिणीनं शिवलेलं फडकं,
जुन्या पडद्याचं,
रात्री भाताच्या पातेल्यात उकळलेलं.
तळघरात कोण येतंय खोकायला?

वॉशिंग्टन तोमाला आला. भूल देणारा डॉक्टर,
नऊ वर्षांत पहिल्यांदा हा जिना उतरलेला.
पट्टा तुटला होता, त्यानं स्टेपल मारली होती.
स्टेपल म्हणजे दोन भोकं.
"हा गेला, डॉक्टर."
"आजची रात्र फक्त."
मी दुसरा पट्टा ताणून दाखवला,
जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबला.
कापला. त्याच्यासमोरच.
"मग दुसरा?"
"नाही."

होता.
कपाटात, हातमोज्यांच्या खोक्यामागे,
मार्चमध्ये माझ्या वाट्याला आलेला,
एकही रेघ नसलेला.
वर मार्करनं, माझ्याच अक्षरात: एउलालिया किमी.

तो साधा कापडी बांधून वर गेला.
बोटं गाठीशी चाचपडत होती,
इतकी माणसं निजवणारी बोटं.

सकाळी मी माझं नाव खोडलं, त्याचं लिहिलं,
स्वतः तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिला.
त्याला वाटलं, नवा साठा आला.
मी वाटू दिलं.
मधल्या रात्रीबद्दल
बहिणीलाही बोलले नाही.

संध्याकाळी खोक्यात तो परत आला.
खोडलेल्याखाली माझं नाव अजून वाचता येत होतं,
नाक मात्र त्याचं.
मार्करचं टोपण उघडून जरा वेळ तशीच बसले,
मग पहिली रेघ ओढली.