भाता

उथळसरच्या शाळेत संगीताला खोली नव्हती.
जिन्याखाली गुंडाळलेले नकाशे, तीन पायांचं बाक,
एक पेटी, आणि पेटीमागं टिपणीस सर.
आठवड्याला एक तास. तोही गणिताचे सुर्वे मागून न्यायचे,
पोर्शन राहिलाय म्हणून.
सर म्हणायचे, न्या.

चाचणीत मी सा लावला.
सरांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले.
"खंडागळे, सव्वीस जानेवारीला तू मागच्या ओळीत.
नुसते ओठ हलव."
मग माझी मान खाली गेलेली दिसली असेल,
"आणि इकडे ये. भाता मार.
माझे दोन्ही हात मोकळे होतील."

सहावी ते दहावी मी सरांचा डावा हात होतो.
घाई केली की सूर ओरडायचे,
विसरलो की मधेच बसायचे, चढ चढलेल्या म्हाताऱ्यासारखे.
"वारा जपून रे. सगळा एकदम द्यायचा नसतो."
शिकवलं म्हणाल तर एवढंच.

शाळेची घंटा काळी दोन.
मुख्याध्यापकांची शिंक पांढरी सहा.
शेजारच्या चाळीतल्या कुकरची तिसरी शिट्टी उतरलेली,
"रबर बदलायला सांगा कुणीतरी त्या बाईंना."
मला यातलं काही कळायचं नाही.
मी मान हलवायचो. ओठांसारखीच.

गाण्यात मला क श्रेणी.
आयटीआय केलं, लिफ्टच्या कंपनीत लागलो.
घोडबंदरचे टॉवर, कुठं तीस मजले, कुठं चाळीस.
मशीन रूममध्ये कान देऊन उभा राहतो.
बेअरिंग जायच्या आधी बोलतं.
साहेबांचं मीटर नंतर सांगतं, मी आधी.
कुठं शिकलास, विचारतात.
काय सांगणार.

सर निवृत्त झाले, पद रद्द झालं.
पेटी त्यांनी भंगाराच्या पावतीवर विकत घेतली,
साडेतीनशे रुपये.
चरईतली इमारत पुनर्विकासाला गेली
आणि सर कासारवडवलीला भाड्याच्या घरात, अठराव्या मजल्यावर.
तिथल्या लिफ्टला मी सर्व्हिसला.
आत एक म्हातारा डोळे मिटून उभा. म्हणाला,
"काल पांढरी चार होती. आज उतरलीय."
चेहरा नाही ओळखला त्यांनी.
मी डाव्या हातात पाना धरला, तो बघून म्हणाले,
"भाता."

मग दर महिन्याला, काम आटपलं की वर.
कानातलं यंत्र ते काढून खिशात ठेवायचे,
सगळंच किंचाळतं म्हणायचे त्यातून.
बोटं पट्ट्यांवर, मी भात्यावर.
किती ऐकू यायचं त्यांना, मी विचारलं नाही.
शेवटच्या पावसाळ्यात ऑक्सिजनचं मशीन आलं घरात.
तेही श्वास ओढायचं, सोडायचं.
एका खोलीत दोन भाते,
आणि सर मधे, कुठल्या लयीत जावं याचा विचार करत असल्यासारखे.

मंगळवारी पहाटे गेले.
वृषालीताई ऐरोलीहून आल्या, फोन मला केला,
स्ट्रेचर लिफ्टमधे बसत नव्हता.
मी मागचं पॅनेल उतरवलं, तिरका घेतला, बसला.
मग लिफ्ट इन्स्पेक्शनवर टाकून स्वतः टपावर चढलो.
आत सर, वर मी, बोट बटणावर.
अठरा मजले, मुंगीच्या चालीनं.
खाली सोसायटीचे लोक घड्याळ बघत होते.
एक धक्का लागू दिला नाही.

जवाहर बागेत गॅसची भट्टी.
दार लागलं, ब्लोअर सुरू झाला.
सगळे हात जोडून.
मला ऐकू आलं, बेअरिंग जाणार आहे, आठवड्याभरात.
काळी की पांढरी ते आजही येत नाही सांगता.
भट्टीवाल्याला बाजूला घेतलं,
म्हटलं, ग्रीस घाला, नाहीतर मधेच बंद पडेल.
तो बघत राहिला.
"तुम्ही मयताचे कोण?"

मी ओठ हलवले.